धुरपतामायचा अंगठा

सोमवारी दुपारची गोष्ट. ग्रामपंचायतीतल्या माझ्या टेबलावर दोन रजिस्टरं शेजारी शेजारी उघडी होती... एक मृत्यूच्या नोंदीचं, एक ग्रामसभेच्या हजेरीचं. पहिल्यात धुरपताबाई गुरुवारी वारल्या होत्या आणि दुसऱ्यात त्या शनिवारच्या सभेला हजर होत्या.

मी पूर्णा तालुक्यातल्या एका गावात ग्रामसेवक आहे. आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं म्हणे. नाव बदललं, टेबल तेच, पंखाही तोच... लाइट असली तर फिरतो.

धुरपताबाई म्हणजे भीमनगरातली सत्तरीतली म्हातारी. मी तिला माय म्हणायचे, ती मला म्याडमबाई. मी आले त्या वर्षी तिच्या वस्तीत नळाचं पाणी पोचलं, तेव्हा पहिला तांब्या भरून ती थेट ऑफिसात आली. "पी," म्हणाली आणि मी पिईपर्यंत समोर उभी राहिली. या नोकरीत असे दिवस बोटांवर मोजण्याइतके येतात, पण आले की पुरतात खूप दिवस.

त्या पाण्यानेच घात केला बहुतेक. तिला वाटायला लागलं, ही बाई कामं करते...

त्यानंतर प्रत्येक ग्रामसभेला ती सगळ्यांच्या आधी येऊन पुढे बसायची. विषय एकच, वस्तीच्या स्मशानभूमीचा रस्ता. स्मशानभूमी ओढ्यापलीकडे आहे आणि पावसाळ्यात तिथपर्यंत गुडघाभर चिखल. "मरण काय पावसाळा बघून येतंय व्हय? मला चिखलातून नेऊ देऊ नको बाई," असं भर सभेत म्हणायची. आणि मी दर वेळी लिहायचे, 'ठराव सर्वानुमते मंजूर'.

सर्वानुमते म्हणजे किती? सभेला येतात पंधरा-वीस जण, कोरमला लागतात शंभर. सभा तहकूब करायची तर पुन्हा तारीख, पुन्हा दवंडी, वरून फोन. म्हणून आमचे शिपाई शेषरावमामा दुसऱ्या दिवशी रजिस्टर काखेत मारून घरोघर फिरतात आणि सह्या गोळा करतात... कुणी गोठ्यात सही करतं, कुणी जेवणाच्या ताटावर. असंच चालतं, हे मला पहिल्या महिन्यात सांगितलं गेलं आणि मी ते मुकाट्याने मान्य केलं.

मायकडे मात्र रजिस्टर कधी न्यावं लागलं नाही. तिचा अंगठा सभेच्या दिवशी, सभेच्या जागी, सगळ्यात पहिला.

गुरुवारी ती गेली. दोन दिवस पावसाची झड लागली होती. मी परभणीला ट्रेनिंगला होते, शनिवारी सभेला आले तेव्हा कळलं. ओढ्यात एका खांदेकऱ्याचा पाय घसरला आणि तिरडी कलंडली... कुणीतरी हळूच सांगितलं. मी विषयपत्रिका वाचत राहिले. पुढची जागा रिकामी होती आणि रस्त्याचा विषय कुणीच काढला नाही.

सोमवारी तिचा मुलगा मिलिंद मृत्यूची नोंद करायला आला. रेल्वेत ट्रॅकवर कामाला असतो. मी विचारत गेले, तो सांगत गेला, शेवटी झोकदार सही करून निघाला. रस्त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. बोलला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

तासाभराने मामांनी हजेरीचं रजिस्टर आणून ठेवलं. "झाला कोरम म्याडम." पहिल्याच ओळीत धुरपताबाईंचं नाव आणि पुढे निळा, ताजा अंगठा.

माझं डोकंच फिरलं. "मामा, मेलेल्या बाईचा अंगठा? लाज नाही वाटली?" इतक्या मोठ्याने मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

मामा खाली बघत म्हणाले, "म्या न्हाई लावला म्याडम. नावं मागच्या यादीवरून उतरवली, सवयीनं तिचं बी आलं. काल मिलिंदकडं त्याच्या सहीला गेलो, तर त्यानं ते बघितलं. म्हणला, मायनं एक बी सभा चुकवली न्हाई, ही बी नको चुकायला. अन आपला अंगठा लावला. म्हणला, रस्त्याचा विषय घ्या म्हणाव म्याडमला."

मी तो अंगठा खोडायला पेन उचललं. मयत बाईची हजेरी, चौकशी लागली तर मीच अडकणार. पण मग खालच्या ऐंशी-पंच्याऐंशी सह्यांचं काय? ती माणसं तरी कुठे आली होती सभेला? त्या सगळ्या चालतात आणि लेकाने आईसाठी लावलेला तेवढा चालत नाही?

शेवटी खरोखर आलेले सोळा जण सोडून सगळ्या नावांवर रेघ मारली. त्यात मायचंही नाव आलं... ती रेघ मी सगळ्यात शेवटी मारली. खाली लिहिलं, 'कोरमअभावी सभा तहकूब'. नोकरीत पहिल्यांदाच. सरपंच फोनवर बरंच बोलले, मी ऐकून घेतलं.

मग खालचा ड्रॉवर उघडला. त्यात रस्त्याच्या मोजणीचा अर्ज होता. रस्ता गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या बांधावरून जातो. "निवडणूक होऊ द्या, मग बघू," असं सरपंच म्हणाले होते आणि मी बरं म्हणून अर्ज आत टाकला होता. मायला मात्र सांगितलं होतं, पाठवलाय म्हणून. दोन वर्षं ती विचारायची, काय झालं गं? आणि मी म्हणायचे, वरून यायचंय...

मंगळवारी स्वतः पूर्णेला मोजणी कार्यालयात जाऊन अर्ज दिला, पोच घेतली. रस्ता होईल की नाही, माहीत नाही. झाला तरी तिच्यासाठी उशीरच.

अर्जाच्या खाली तिचा अंगठा आहे. माझ्याच टेबलाशी उभं राहून, माझ्याच पॅडवर बोट टेकवून तिने तो लावला होता. तो खरा होता, आणि तोच मी दोन वर्षं ड्रॉवरमध्ये ठेवला. माय, मला माफ कर.