नेत्रतपासणीच्या चाळीस जागा

आमच्या विद्यापीठात तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे. जमिनीच्या मोजणीशी तिचा काडीचा संबंध नव्हता. विद्यापीठाच्या वेबसाइटवर किती जण येतात, कुठल्या पानावर रेंगाळतात, कुठून वैतागून निघून जातात, हे ती मोजायची. तिची खोली ग्रंथालयाच्या वर, जिन्याच्या वळणावर. मी खाली पुस्तकांच्या देवघेवीला. दुपारचा चहा आम्ही एकत्र घ्यायचो, म्हणून हे सगळं मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं.

तिचं डोकं या कामात खरंच चालायचं. एकदा तिच्या लक्षात आलं, की प्रवेशाचा अर्ज भरायला घेणारी निम्मी मुलं चौथ्या पायरीवर गळतात. तिनं स्वतः मोबाइलवर अर्ज भरून पाहिला. चौथ्या पायरीवर पालकांचा फॅक्स नंबर सक्तीचा होता!

"मी असते तर दिला असता ठोकून वाट्टेल तो नंबर," ती हसत म्हणाली. "पण ही पोरं सरळमार्गी. निघून जातात बिचारी."

तो एक रकाना काढायला तिला सात सह्या गोळा कराव्या लागल्या. रकाना गेला आणि अर्ज दीडपट झाले. त्या दिवशी तिनं आख्ख्या ग्रंथालयाला चहा पाजला.

मग नेत्रतपासणीचा नवा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. जागा चाळीस, भरल्या तेरा. कुलसचिवांनी तिला बोलावून जाहिरातीचं काम दिलं. तिनं आठ वेगवेगळी वाक्यं लिहून थोड्या थोड्या लोकांना दाखवली आणि कुठल्यावर जास्त बोटं पडतात ते पाहिलं. 'कुणाला तरी पुन्हा स्पष्ट दिसेल, तुमच्यामुळे' हे वाक्य बाकी सगळ्यांना मागे टाकून गेलं. सोबत चकचकीत प्रयोगशाळेचा फोटो. शिवाय अशी सोय, की एकदा पान उघडून अर्ज न भरता गेलेल्या माणसाला पुढचे तीस दिवस ती जाहिरात दिसत राहील, मग तो बातम्या वाचत असो नाहीतर गाणी ऐकत असो. पुढच्या वर्षी चाळीसच्या चाळीस जागा भरल्या.

तिसऱ्या महिन्यात तिला एक विचित्र गोष्ट दिसली. नेत्रतपासणीच्या वेळापत्रकाच्या पानावरून मुलं थेट 'शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला' या पानावर जात होती. एकदोन नाही, आठवड्याला सात-आठ. बाकी कुठल्याच विभागात असं नव्हतं. ती उठली आणि त्या इमारतीत जाऊन आली. प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप. खिडकीतून आत पाहिलं तर यंत्रं लाकडी खोक्यांत, खिळेसुद्धा काढलेले नाहीत. दोन शिक्षकांपैकी एक निघून गेलेले. उरलेले सर भिंतीवर तक्ता टांगून शिकवत होते. जाहिरातीतल्या फोटोतली प्रयोगशाळा भलत्याच कुठल्यातरी संस्थेची होती, हे तिला तेव्हा कळलं.

तिनं चार पानांची टिपणी केली आणि कुलसचिवांपुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, हेही सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता.

"बाई, यंत्रं जोडायची मंजुरी वर अडकली आहे. जागा रिकाम्या राहिल्या तर अभ्यासक्रमच बंद होईल. मग मंजुरी कशाची आणि यंत्रं कशाची? जागा भरलेल्या दाखवल्या तरच काहीतरी हलेल."

"पण सर, मुलं सोडून जातायत."

"तुमचं काम दारापर्यंत आणायचं. आतलं आतले बघतील."

"निदान जाहिरातीतून तो फोटो तरी काढून टाकू द्या."

त्यांनी कपाटातून तिचाच जुना अहवाल काढला. त्यात तिनंच ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की फोटोमुळे अर्ज जवळजवळ दुप्पट होतात. साहेबांनी त्या ओळीवर नुसतं बोट ठेवलं. ती परत वर आली. त्या दिवशी चहा तसाच निवला.

पुढच्या प्रवेशाच्या दिवसांत एका सकाळी तिच्या भाचीचा, थोरल्या बहिणीच्या मुलीचा, फोन आला. पोरगी सहा वर्षांची असल्यापासून जाड भिंगांचा चष्मा लावायची आणि तेव्हापासूनच 'मी डोळे तपासणार' म्हणायची.

"मावशी, तुमच्या विद्यापीठाची जाहिरात मला रोज दिसते गं! जिथं जाईन तिथं! आई म्हणते, आता घेच प्रवेश."

रविवारी मोजणीबाई बस पकडून बहिणीकडे गेली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "ताई, तिला तिथं घालू नकोस."

"का? तुझ्याकडे राहायला येईल म्हणून?"

"असं काय बोलतेस? ती माझ्याकडेच राहील, कुठंही शिकली तरी. पण तिथं प्रयोगशाळा बंद आहे. शिक्षक एकच."

भाची आतून आली. "मग ते वाक्य? फोटो? कुणी टाकलं ते?"

"मी," मावशी म्हणाली.

ताई म्हणाली, आवाज न चढवता, "म्हणजे दुसऱ्यांच्या पोरांना बोलावतेस आणि माझ्या पोरीला नको म्हणतेस. यातलं खरं कुठलं धरू मी?"

हा अभ्यासक्रम असलेल्या बाकी दोन ठिकाणच्या याद्या लागून गेल्या होत्या आणि भाचीचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, हे मावशीला जेवताना कळलं.

सोमवारी तिनं खोलीचं दार लावून घेतलं आणि बहिणीच्या गावापुरती ती जाहिरात बंद केली. फक्त त्या एका गावापुरती. इतर चाळीस घरांचं काय, हा प्रश्न तिला पडला नव्हता असं नाही. मला सांगताना तिनं मान खाली घातली होती. दुसऱ्या दिवशी पडद्यावर त्या गावातून आलेला एक अर्ज दिसला. सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी भरलेला. नाव तिथं दिसत नाही, नुसता एकचा आकडा दिसतो. पण तिनं ओळखला. जाहिरात तिनं मग स्वतःच्या हातानं पुन्हा सुरू केली, कारण दुपारी साहेबांनी फोन करून विचारलं होतं, की तेवढंच एक गाव जाहिरातीच्या नकाशावर कोरं का दिसतंय.

भाची राहायला आली. दोन खोल्यांच्या घरात तिला खिडकीखालची जागा दिली. रोज सकाळी ती पांढरा कोट स्वतः इस्त्री करायची, डबा घ्यायची, मावशीबरोबरच निघायची. फाटकापाशी दोघी दोन दिशांना जायच्या. घरी आली की मावशीच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, भिंतीशी उभं करून अक्षरं वाचायला लावायची. काका मुद्दाम चुकीची वाचायचे. "काका, तुम्हाला गाढवाचा गसुद्धा दिसत नाही का?" म्हणून ती ओरडायची आणि घरभर हसू व्हायचं. कॉलेजात काय शिकवलं, हे मावशीनं एकदाही विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

तिसऱ्या महिन्यात दाखल्याच्या पानावरची वर्दळ वाढली. त्या आठवड्यात नऊ. ती रोज सकाळी आकडा पाहायची आणि आकड्याला चेहरा नसतो याचा तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच राग आला. "माझ्या घरात झोपते गं ती," ती मला म्हणाली, "आणि ती त्या नऊ जणांत आहे की नाही, हे मला सांगता येत नाही."

"अगं, मग विचार की तिला!"

"विचारून काय करू? माझ्या हातात काय आहे?"

चार दिवसांनी, संध्याकाळी भाजी निवडत असताना भाची मोबाइल घेऊन शेजारी येऊन बसली.

"मावशी, दाखल्याचा अर्ज कुठं ठेवलाय तुम्ही? अर्धा तास शोधतेय."

ते पान सापडायला अवघड होतं हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. ते वेबसाइटच्या पहिल्याच पानावर आणावं म्हणून तिनं दोनदा लिहिलं होतं. तिनं हात पुसले, मोबाइल घेतला आणि दाखवलं. विद्यार्थी कक्ष, मग इतर सेवा, मग सगळ्यात खाली जा. भाचीनं चष्मा वर सरकवत एकेक रकाना भरला. 'सोडण्याचे कारण' या रकान्याशी थांबली.

"काय लिहू?"

"खरं ते लिही."

तिनं 'वैयक्तिक' लिहिलं. "खरं लिहिलं तर सरांना त्रास होईल," म्हणाली. "ते एकटेच आहेत."

भाची आता गावातल्या चष्म्याच्या दुकानात काम करते आणि पुढच्या वर्षीच्या याद्यांची वाट बघते. मावशीला ती अधूनमधून फोन करते. ताईनं मात्र दोन महिने फोन उचलला नाही. नंतर उचलला, तो फक्त पांढरा कोट मावशीकडेच राहिलाय हे सांगायला.

मोजणीबाई अजून वरच आहे. नोकरी सोडायचा विचार तिनं केला होता. "सोडून काय होईल?" तिनंच मला विचारलं. "ते वाक्य आता विद्यापीठाचं आहे. दुसरं कुणी तरी चालवेल." यंत्रांच्या मंजुरीबद्दल तिनं तिसरी टिपणी पाठवली आहे, पोच मिळालेली नाही. या वर्षीचे प्रवेश सुरू झाले आहेत, जाहिरात तीच आहे. काल चहाला आली तेव्हा मी काही विचारायच्या आधीच तिनं सांगितलं, नेत्रतपासणीच्या चाळीसपैकी एकतीस जागा भरल्या.