अक्रोडाखालचा वाफा

तलासच्या खोऱ्यातल्या त्या गावात बालवाडीची बाग म्हणजे तुर्सुनायची बाग. थंडी सरता सरता दह्याच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटोचं बी पेरायचं, बर्फ वितळला की वाफे ओढायचे आणि एकेका पोराच्या हातात त्याचं रोप द्यायचं. "मुळाला धरू नकोस रे! तुला कुणी पायाला धरून उलटं केलं तर?" असं ती ओरडली की तिला एजे, म्हणजे ताई, म्हणणारी पोरं खिदळायची.

त्या वसंतात बालवाडीत अक्मारल नावाची पोर आली. उल्कान म्हातारीची नात, एसेनची मुलगी. कान थेट बापासारखे.

एसेन एके काळी तुर्सुनायचा नवरा होता. लग्नाला चार वर्षं होऊनही मूल झालं नाही, तेव्हा उल्कानने मेजवानीला जमलेल्या बायकांसमोर सुनेकडे बोट दाखवलं होतं. "रेताड जमीन आहे ही. हिच्या हातून काही उगवायचं नाही." त्याच दिवशी तुर्सुनायचं गाठोडं दाराबाहेर आलं. एसेन अंगणात घोड्याला खरारा करत होता. त्याने मान वर केली नाही. पुढे बालवाडीत नोकरी लागली, आणि दर वर्षी पहिला कोंब वर आला की तुर्सुनाय मनात म्हणायची, "बघ, म्हातारे."

"एजे, माझा वाफा कुठला?" अक्मारलने विचारलं.

"तो कोपऱ्यातला. अक्रोडाखाली. तुला ऊन लागणार नाही."

अक्रोडाची मुळं टोमॅटोला जगू देत नाहीत, हे तुर्सुनायला पक्कं ठाऊक होतं. तिची स्वतःची रोपं तिथे जळाली होती. तेव्हापासून त्या कोपऱ्यात ती फक्त फावडी ठेवायची.

पंधरवड्यात अक्मारलची रोपं पिवळी पडली. पोर रोज झारी घेऊन जायची, आपली टोपी काढून रोपावर घालायची. बाकीची पोरं "मेलं, मेलं" करत नाचायची. एकदा तुर्सुनाय खुरपं घेऊन त्या वाफ्यापर्यंत गेली. रोपं हलवली असती तर अजून जगली असती. पण पोरीचे कान दिसले, घोड्यावर फिरणारा तो हात आठवला, आणि ती परत फिरली.

टोमॅटो पिकल्यावर पोरांच्या घरची माणसं बागेत जमली. चहा झाला, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या, बोरसोकच्या पराती फिरल्या. उल्कान पांढराशुभ्र रुमाल बांधून आली होती. आज तिला ऐकवायचं वाक्य तुर्सुनायने आरशासमोर किती वेळा म्हणून पाहिलं होतं! ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उल्कान-आपा, तुमच्या नातीच्या हातून काही उगवायचं नाही हो. घराण्याचाच गुण दिसतोय."

बायकांच्या हातातले पेले थांबले. वयस्कर बायकांना जुनी मेजवानी आठवली असावी. उल्कानचा चेहरा राखेसारखा झाला. तिने नातीच्या वाफ्यातल्या वाळलेल्या काटक्यांकडे पाहिलं, मग मान उचलून झाडाकडे. म्हातारीचं माहेर दक्षिणेतल्या अक्रोडांच्या रानातलं. तिला सगळं कळलं, आणि तिला कळलंय हे तुर्सुनायलाही कळलं. पण तोंड उघडायचं तर त्या मेजवानीत आपण काय बोललो होतो तेही सांगावं लागणार. नातीचा हात धरून ती मुकाट निघून गेली.

त्या दिवशी तुर्सुनाय पोटभर जेवली. कित्येक वर्षांत अन्नाला अशी चव आली नव्हती.

सोमवारी मुळ्याचं बी पेरायचं होतं. अक्मारल हात पाठीमागे घेऊन उभी राहिली.

"मी नाही लावणार. माझ्या हाताने मरतं."

"कोण म्हणालं असं?"

"तुम्हीच, एजे."

 तुर्सुनाय पोरीला अक्रोडाखाली घेऊन गेली आणि तिने मुळांचं सगळं समजावून सांगितलं.

"तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"होतं."

"मग मला का दिला इथला वाफा?"

"तुझ्या आजीवर राग होता माझा. तुझा हात चांगला आहे गं. चुकले मी."

पोरीने जरा विचार केला. "मग आजीला द्यायचात ना हा वाफा."

त्याच संध्याकाळी उल्कान बालवाडीच्या फाटकाशी आली. "मला मारायचंस, पोरी. लेकराला कशाला?"

"तुम्हाला लागलं असतं? मऊ जागा शोधली मी. तुम्हीही तेच केलं होतंत."

म्हातारीने फाटकाची कडी चाचपली. "आणि मी चुकले म्हटलं तर?"

"चारचौघींत म्हणा. त्याच बायकांसमोर. मग बघू."

उल्कान ते अजून म्हणालेली नाही. नातीला सोडायला येते, सलाम करते. तुर्सुनाय उत्तर देत नाही.

अक्मारलला स्वयंपाकघराच्या भिंतीलगत नवा वाफा मिळाला. मुळे चांगले पोसले. तिने ते सगळ्या पोरांना वाटले, स्वयंपाकिणीला दिले, एक आजीसाठी खिशात ठेवला. एजेला एकही दिला नाही, आणि तुर्सुनायने मागितलाही नाही.