मागच्या दाराचे अकरा ठोकळे

आमच्या क्वालिटीवाल्याइतका बिनकामाचा प्रामाणिक माणूस सिल्वासाच्या सगळ्या कारखान्यांत मिळून दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याला तिथून कधीच हाकललं असेल. त्याला नाव होतं, पण ते फक्त हजेरीच्या कार्डावर. शेठपासून वॉचमनपर्यंत सगळे त्याला क्वालिटीवालाच म्हणत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सिल्वासाजवळच्या खडोलीत लहान मुलांचे प्लॅस्टिकचे ठोकळे बनवणारा एक कारखाना होता, एकमेकांत बसवून घरं-गाड्या करतात तसले ठोकळे. तो अमळनेरचा, ठोकळे तपासायला; मी नाशिकचा, शिफ्ट सांभाळायला. अथालच्या एका चाळीत आम्ही दोघे सड्याफटिंगांनी एक खोली घेतली होती. खोलीत आमचं अरे-तुरे चाले. कारखान्याच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की तो मला 'साहेब' म्हणे आणि बाहेर पडला की पुन्हा 'अरे'. यात, एकदा सोडून, त्याची कधी गल्लत झाली नाही.

दुसरे लोक खिशाला पेन लावतात, हा जाडी मोजायचा व्हर्नियर लावी. रविवारीसुद्धा. खानावळीत पोळी ताटात पडली की तो ती चिमटीत धरून कडेला आणि मध्ये मोजायचा आणि मावशींना सांगायचा, "आज कडेला जाड आहे." नंदुरबारकडच्या त्या मावशी एकदा वैतागून म्हणाल्या, "भाऊ, तुमी जेवाले येतस का मोजाले?" त्याने प्रश्नावर प्रामाणिकपणे विचार केला आणि "दोन्ही" असं उत्तर देऊन जाड कडेच्या पाच पोळ्या खाल्ल्या. लग्नासाठी त्याने चार मुली पाहिल्या. चौथ्या ठिकाणी पोहे खाता खाता त्याने मुलीच्या वडिलांना तुमच्या माजघराची तुळई मध्ये वाकली आहे, एवढंच सांगितलं. पाचवी मुलगी कुणी दाखवली नाही.

आणि हा माणूस सुट्टीच्या दिवशी काय करायचा, तर आठवडाभर ज्यांच्याकडे बघून डोळे दुखायचे त्याच ठोकळ्यांशी खेळायचा. मशीनमध्ये पिवळा रंग संपून निळा सुरू होतो तेव्हा मधले शे-दोनशे ठोकळे धड पिवळे नसतात, धड निळे नसतात. ते पुन्हा दळायला जातात. हा शेठची परवानगी काढून तेवढेच घरी आणी. त्याचं म्हणणं, दुकानातल्या रंगाचं जगात काहीच नसतं. भिंती, रस्ते, माणसांचे कपडे, सगळं असल्या नापास रंगांचं असतं. लोक दारूबंदीच्या गुजरातेतून सिल्वासाला ज्या कारणासाठी येत आणि जाताना पिशव्या लपवत, ते कारण आमच्या खाटेखाली नव्हतं; तिथे ठोकळ्यांची चार पोती होती. एकदा अमळनेरला जाताना वापीच्या आधी नाक्यावरच्या पोलिसाने त्याची खळखळणारी ट्रंक उघडली आणि आत हात घालघालून, "बाटली क्यां छे?" असं तीनदा विचारलं. बाटली नाही म्हटल्यावर तो पोलीस जास्तच संशयाने बघू लागला. गाडी चुकली ती चुकलीच.

ठोकळ्यांच्या त्या वस्तूंचे तो फोटो काढी. थोरल्या भावाचा जुना कॅमेरा होता. फरशीवर पोट टेकून, गाल जमिनीला लावून, आरशाने खिडकीतलं ऊन वळवून तो तासन् तास पडून राही आणि महिन्याला दोन-तीनदाच बटण दाबी. मागे आकाश म्हणून माझी निळी चादर लावलेली असे. रात्री मी त्याच आकाशावर झोपत असे. पण फोटो मात्र असे यायचे की बघणारा हा ठोकळा आहे हे विसरून जाई. त्याने एकदा आमची चाळ केली. जशी होती तशी, पायरीचा तुटका कोपरा, भिंतीवरून उतरणारी मोठी भेग, सगळं. आमच्या गुजराती घरमालकाने, आम्ही यायच्या आधीपासून, सहा वर्षं त्या भेगेजवळ उभं राहून भाडं घेतलं होतं, पण फोटो बघून त्याचा चेहरा उतरला. भेगेवर बोट ठेवून "आ तिराड केम लीधी?" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी गवंडी आणला. क्वालिटीवाल्याच्या डोक्यात तेव्हापासून एक गोष्ट पक्की बसली. "माणूस रोज बघतो ते त्याला दिसत नाही," तो मला म्हणाला. "लहान करून दाखवलं की दिसतं. आणि दिसलं की तो नीट करतो." यातलं पहिलं वाक्य खरं आहे.

आमच्या शेडला मागे एक दार होतं आणि त्या दाराला दाण्याची पोती लावलेली असत. दाणा म्हणजे प्लॅस्टिकचा कच्चा माल. गोडाऊन पुढच्या वर्षी बांधू, असं शेठ दर वर्षी म्हणत. त्या साली होळीच्या सुमारास सहा नंबरच्या मशीनची हीटरची वायर जळाली. आग लागली नाही, नुसता काळा धूर झाला. पण पॅकिंगच्या बायका मागे बसायच्या. त्या मागच्या दाराकडे धावल्या, पोत्यांवर आदळल्या आणि परत उलट्या धुरात वळल्या. त्यात रांध्याहून येणारी एक बाई खाली पडली, तिच्या मनगटावर कुणाचा तरी पाय पडला आणि हाड मोडलं. अहवाल मी लिहिला. ओल्या फरशीवरून पाय घसरला, असं लिहिलं. क्वालिटीवाल्याने तो वाचला आणि विचारलं, "साहेब, फरशी ओली होती?" मी म्हटलं, "तुमचं काम ठोकळे तपासायचं आहे, कागद नाही." त्याने कागद परत दिला आणि ठोकळ्यांकडे गेला. मला वाटलं विषय संपला.

दसऱ्याला यंत्रांची पूजा असायची आणि मुंबईहून व्यापारी येत. त्या वर्षी त्यांना दाखवायला आपल्याच ठोकळ्यांचा आपला कारखाना कर, असं शेठनी त्याला सांगितलं. अडीच महिने त्याने एकही सुट्टी घेतली नाही, म्हणजे सगळ्या सुट्ट्या त्यातच घातल्या. छप्पर उचललं की आत आठही मशीन. वॉचमनची तीन पायांची खुर्ची, पाण्याचं पोचा आलेलं पिंप. धुळ्याचा एक ऑपरेटर वाकून वाकून बघत म्हणाला, "भाऊ, यामा मी कोठे शे?" क्वालिटीवाल्याने तीन नंबरच्या मशीनजवळचा हिरवट ठोकळा दाखवला. ऑपरेटर म्हणाला, माझं तोंड मशीनकडे पाहिजे. त्याने लगेच तो ठोकळा फिरवून दिला. मागे पॅकिंगच्या सात बायका होत्या आणि मागच्या दाराला मळकट पांढरे अकरा ठोकळे एकावर एक लावलेले होते.

शेठ खुर्ची बघून खूप हसले. मग त्यांचं बोट त्या अकरा ठोकळ्यांवर थांबलं. "हे काढून टाक. पाहुणे येणार आहेत."

"आधी तिथली काढा शेठ," तो म्हणाला, "मग इथली काढतो."

"हो, हो, काढू," शेठ म्हणाले. क्वालिटीवाल्याने ते खरं धरलं. माणसं बोलतात तसं करतात, हा त्याचा मूळ रोग. मला शेठनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की दसऱ्याला सकाळी ते ठोकळे काढून टाका, त्याला विचारू नका. मी धीर करून म्हटलं, "पोतीच हलवली तर?" ते म्हणाले, "कुठे? तुमच्या खोलीत?" आणि हसले. मीही हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

दसऱ्याच्या सकाळी मशीन धुतलेली होती, झेंडूच्या माळा घातलेल्या होत्या. ठोकळ्यांचा कारखाना केबिनपुढे टेबलावर मांडला होता; मी अंगठ्याच्या नखाने त्याच्या मागच्या दाराचा एकेक ठोकळा उचकटला आणि अकराही पँटच्या खिशात टाकले. पाहुण्यांना पेढे वाटायचं काम माझ्याकडे होतं. क्वालिटीवाला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, गळ्यात कॅमेरा अडकवून आला. रोलमध्ये त्याने या दिवसासाठी तीन फोटो शिल्लक ठेवले होते. तो कारखान्यावर वाकला. मागच्या दाराच्या रिकाम्या जागेवरून त्याने बोट फिरवलं. मग वर माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की तसा मी तो आधी पाहिला नव्हता, पुढेही पाहिला नाही. आधी तिथली, मग इथली, असंच ठरलं होतं ना. भर पाहुण्यांत, कारखान्याच्या आत, तो पहिल्यांदाच चुकला. "अरे, काढलीस तू पोती," म्हणाला, आणि दाराचा फोटो घ्यायला जवळजवळ धावतच शेडकडे गेला.

शेड चाळीस पावलांवर होती. त्याला हाक मारायला भरपूर वेळ होता. मी पेढे वाटत राहिलो.

दहा मिनिटांनी तो परत आला. रांगेत उभा राहिला, पाळी आल्यावर माझ्यासमोर हात पसरला, मी पेढा ठेवला. "साहेब," तो म्हणाला, "तिथली आहेत अजून." आवाज चढला नव्हता. एखादा नग नापास झाल्याचं सांगावं तसं सांगितलं. त्या संध्याकाळी खोलीवर मी चहा ठेवला, तर तो म्हणाला, "साहेब, साखर कमी टाका." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दिवाळीला तो अमळनेरला गेला आणि राजीनामा टपालाने आला. खाटेखालची पोती त्याने तशीच ठेवली होती. माझी निळी चादर मात्र धुऊन, घडी घालून उशाशी ठेवली होती.

मी तिथे आणखी नऊ वर्षं काढली. मॅनेजर झालो, केबिन मिळाली. केबिनबाहेर काचेच्या पेटीत ठोकळ्यांचा तो कारखाना होता आणि येणारा प्रत्येक जण त्याचं कौतुक करी. मग तिथल्या कारखान्यांना मिळणारी करसवलत संपली आणि शेठनी यंत्रं दुसरीकडे हलवायला काढली. शेवटच्या दिवशी दाण्याची उरलेली पोती ट्रकमध्ये चढली. मागच्या दाराची कडी गंजली होती, ती हातोडीने ठोकून काढावी लागली. दार उघडलं तर पलीकडे भाताचं खाचर होतं. पॅकिंगच्या बायका बसत तिथून दारापर्यंत मी चालून बघितलं. बारा पावलं भरली.

परत येऊन मी काचेच्या पेटीपाशी उभा राहिलो. त्यातलं मागचं दार मोकळं, शेडचंही मोकळं. मी खोटा करून ठेवलेला तो कारखाना, बंद पडला त्या दिवशी पहिल्यांदा खरा झाला होता. याचा फोटो काढायला तो हवा होता, असं मला फार वाटलं. पण अमळनेरचा त्याचा पत्ता मी कधी घेतलाच नव्हता. घ्यायची हिंमत नव्हती, हे खरं.

ते अकरा ठोकळे अजून माझ्याकडे आहेत, एका डब्यात. अर्ध्या मिलिमीटरसाठी तो नग बाजूला काढायचा. मला मात्र त्याने तीन वर्षं एका खोलीत राहून पास केलं होतं. त्याच्या हातून झालेली मोजमापाची एवढी एकच चूक मला ठाऊक आहे.