भाऊजींचा कॉम्प्युटर परत आला

माझ्या धाकट्या दिराला कोर्टात थोडं खोटं बोलता आलं असतं, तर आज घराला ही अवकळा आली नसती. मी दहादा बजावलं होतं, "भाऊजी, विचारतील तेवढंच सांगा. वर एक अक्षर नको." पण ऐकतील तर ते भाऊजी कसले.

भाऊजी कारखान्यात मशीन दुरुस्तीला होते. कारखाना बंद पडला आणि हा माणूस आमच्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून जो आडवा झाला, तो दोन वर्षं उठलाच नाही. लग्न केलेलं नाही, त्यामुळे ओरडायला हक्काची मीच. जेवायला हाक मारली की यायचे, दोन घास खाऊन परत भिंतीकडे. आमच्या ह्यांनी डॉक्टर करून पाहिले, गोडीगुलाबीने सांगून पाहिलं. सगळ्यांनी हात टेकले. शेवटी शेजाऱ्यांनी भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर मी रागारागाने उचलून आणला आणि त्यांच्या पलंगावर आदळला. म्हटलं, "हा चालू करा, नाहीतर दोघंही जा भंगारात." काही दिवसांत तो चालू झाला आणि त्याच्यासोबत भाऊजीही.

मग काय, नाद लागला. सुटे पार्ट आणायचे, जोडायचे, ओळखीपाळखीत विकायचे. माझ्या वाट्यांत भाजीऐवजी स्क्रू दिसायला लागले. मी तोंडाचा पट्टा सोडायची, पण आतून जीव भांड्यात पडला होता. दाढी करायला लागले होते ना माझे भाऊजी. कॉम्प्युटर कुणाला द्यायच्या आधी दोन दिवस सलग चालवून ठेवायचे, जाता-येता वाकून त्याला कान लावायचे. मी चिडवायची, "लेक सासरी पाठवताय का?" तर लाजायचे. गिऱ्हाइकाने पावती मागितली की म्हणायचे, "मी आहे ना, कधीही फोन करा." हीच त्यांची पावती.

अशात त्या फोटोवाल्या बाई आल्या. लग्नांचे फोटो काढायच्या, एका भाड्याच्या खोलीत बसून नीट करायच्या. त्यांना कॉम्प्युटर दिला आणि महिन्याभरात तक्रार सुरू, मधेच बंद पडतो. भाऊजी गेले. आपल्या घरी नीट चालणारा तिथेच का अडतो म्हणून शोधत बसले, तर भिंतीतल्या प्लगला अर्थिंगच नव्हतं. विजेचे झटके आतल्या पार्टना बसत होते. बाईंना सांगितलं, आधी हा प्लग दुरुस्त करून घ्या. घरमालक भिंत फोडू देईना. बाई रडायला लागल्या, कामं अडलीत म्हणाल्या. तर ह्या दानशूर माणसाने स्वतःच्या पदरचा नवा पॉवर सप्लाय बसवून दिला. पुढेही बोलावलं की जायचे. मी म्हटलं, "तुम्ही त्यांचे बांधलेले नोकर आहात का?" म्हणाले, "माझ्या हातचा कॉम्प्युटर आहे, वहिनी."

आणि एक दिवस तो असा बंद पडला की एका लग्नाचे सगळे फोटो गेले. नवरीकडचे बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. बाईंनी आमच्याकडे वकिलाची नोटीस पाठवली.

कोर्टात मी मागच्या बाकावर बसले होते. बाईंच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, आजवर किती कॉम्प्युटर विकलेत? भाऊजींची छाती फुगली. बोटांवर मोजून म्हणाले, "अकरा." आमच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. आम्ही म्हणत होतो की ही घरगुती, खाजगी विक्री आहे. अकरा म्हटल्यावर तो धंदा झाला, आणि धंदेवाल्याला मालाची जबाबदारी झटकता येत नाही.

"दुरुस्तीला किती वेळा गेलात?"

"बोलावलं की जायचो."

"यंत्र चांगलं होतं, तर पार्ट बदललात कशाला?"

भाऊजी म्हणाले, "बाई रडत होत्या."

माझ्या बाकावर कुणीतरी हसलं. त्याचं थोबाड रंगवावंसं वाटलं मला.

"प्लगबद्दल लेखी कळवलंत?"

"तोंडी सांगितलं होतं. बाईंना विचारा ना."

बाईंना विचारलं. त्या खाली बघून म्हणाल्या, "मला आठवत नाही." मी मनात त्यांना वाट्टेल ते बोलून घेतलं. पण बाहेर आल्यावर पाहिलं, त्यांच्या खांद्यावरची कॅमेऱ्याची पिशवी रिकामी लोंबत होती. कॅमेरा विकला होता त्यांनी. राग धरायला मला तेवढीही जागा राहिली नाही.

निकाल आमच्या विरुद्ध गेला. भरायचं ते आमच्या ह्यांनी भरलं, त्याचं मला काही नाही. पण निकालात लिहिलं होतं, सदोष यंत्र. भाऊजींनी तो शब्द मला दोनदा वाचून दाखवला.

कॉम्प्युटर परत आला. भाऊजींनी आमच्या भिंतीतल्या प्लगला जोडला आणि तो सुरू झाला. दोन दिवस चालला. पुढचा आठवडाभर चालला. भाऊजी जेवण सोडून त्याच्यासमोर. दूध टाकणाऱ्यालाही हाताला धरून आत नेलं, "बघा ना, चालतोय की नाही?" तो बिचारा हो हो म्हणून निघून गेला.

मला म्हणाले, "वहिनी, ह्यात खोट असती तर मी सहन केलं असतं. नाहीये हो खोट. आता हे कुणाला दाखवू?"

त्यांनी स्वतःच तो बंद केला, वर चादर घातली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

महिना झाला. हाक मारते, येतात, दोन घास खातात, जातात. दाढी वाढलीय. ह्यांना म्हटलं, मला भीती वाटते. तर ह्यांनी पेपर उघडला.

आज दुपारी मी घरातली चांगली चालती इस्त्री घेतली आणि तिची वायर दोन्ही हातांनी ओढून तोडली. मागच्या खोलीत गेले, त्यांच्या पलंगावर, अगदी पाठीशी नेऊन ठेवली. म्हटलं, "भाऊजी, इस्त्री बंद पडली. बघता का जरा?"

भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "दुकानात द्या, वहिनी. आणि पावती मागून घ्या."