‘काहून’ विचारणारी

माझ्याआधी आमच्या घरातलं कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. एम.एस्सी. गणितासाठी मी अकोल्याच्या जुन्या शहरातून रोज एसटीनं अमरावतीला जायची. सोबत आमच्याच गल्लीतली मैत्रीण असायची.

अॅबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा आम्हाला फार जड गेला. शाळेपासून आम्हाला एकच पद्धत ठाऊक होती: पाठ करायचं. एकदा सरांनी मला फळ्यापाशी बोलावलं. मी अख्खी सिद्धता स्वल्पविरामांसकट लिहून काढली. सरांनी मधली एक ओळ पुसली आणि म्हणाले, "ही का आली, एवढंच सांग." मला ती ओळसुद्धा आठवेना. पहिल्यापासून सगळं पुन्हा म्हटलं, तेव्हा कुठं ती तोंडात आली. वर्ग हसला. सर हसले नाहीत.

परतताना बसमध्ये मैत्रीण म्हणाली, "रडून काहून राहिली वं? मलेबी नसतं सांगता आलं."

त्याच दिवशी तिनं नियम केला. एकीनं एक ओळ बोलायची, दुसरीनं सरांचं ‘का’ आपल्या बोलीत विचारायचं, "काहून?" उत्तर दिल्याशिवाय पुढची ओळ नाही. अर्ध्या वाटेवरचं मूर्तिजापूर मागं पडायचं, तरी आम्ही त्याच ओळीवर असायचो.

"पोरीहो, रोज कायचं भांडता?" कंडक्टर म्हणायचे.

"भांडत नाई मामा, अभ्यास करून राहिलो."

"असा असते का अभ्यास?"

आमच्या अल्जेब्रातल्या ‘ग्रुप’चं तिच्या आईलाही कुतूहल होतं. "सारखं ग्रुप ग्रुप करता, आमच्या बचत गटासारखं काही हाय का?"

"तसंच हाय माय. फक्त याच्यात भांडणं नाई होत."

तिच्या ‘काहून’मुळं मला हळूहळू विषय कळू लागला. तिला तर तो माझ्याआधीच कळू लागला होता. सर म्हणायचे, "हिनं पुढं संशोधनच करावं." ते ऐकून ती खिडकीबाहेर बघत बसायची आणि गालातल्या गालात हसायची.

तिचे वडील सरकारी कार्यालयात शिपाई होते. ती बारावीत असताना ते वारले, आणि अनुकंपा नोकरीच्या यादीत तिचं नाव लागलं. त्या यादीचा आम्हाला विसरच पडला होता. दुसऱ्या वर्षाच्या मध्यात तिचा नंबर आला. लिपिकाची जागा होती, दूर मेळघाटात, धारणीला.

गल्लीत पेढे वाटले. पोरीनं घराचं सोनं केलं, असं जो तो म्हणत होता. ते खरंही होतं. मी पेढा हातात धरून तिच्या ओट्यावर बसले आणि विचारलं, "परीक्षेपर्यंत थांबता नाही येत?"

"नाई म्हटलं तर नाव कटते. भाऊ शाळेत हाय. मायनं कोणाच्या तोंडाकडं पाहावं?" मग माझं तोंड पाहून म्हणाली, "पेपरले येईन नं मी. तू फोनवर सांगत जाय, मी काहून विचारत जाईन."

सरांनी तिच्या हजेरीचं सांभाळून घेतलं. "फक्त पेपरला ये बाळ, बाकी मी पाहतो," म्हणाले. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

सुरुवातीला रविवारी तिचा फोन यायचा. रेंजसाठी ती घरमालकाच्या गच्चीवर जायची. वाऱ्याच्या घोंघाटातूनही तिचं "काहून?" खणखणीत ऐकू यायचं. पुढं पुढं ती आवक-जावक, साहेबांचे दौरे, घाटात बंद पडलेली बस, याबद्दलच बोलू लागली. तेही ती हसवत सांगायची.

पेपर जवळ आले तेव्हा मी तिला फील्डचं प्रकरण समजावत होते. समीकरणाचं उत्तर आपल्या फील्डमध्ये, म्हणजे हाताशी असलेल्या संख्यांमध्ये, सापडत नसेल, तर ते सापडेल असं मोठं फील्ड बांधता येतं. मी थांबले. इथं ती विचारणारच, याची मला खात्री होती.

"हो," ती म्हणाली.

मी पुढची ओळ सांगितली.

"हो. आयकून राहिली नं मी, तू सांग."

मी शेवटपर्यंत सांगत गेले. ती हो हो करत राहिली. एकदाही तिनं ‘काहून’ विचारलं नाही. फोन ठेवताना मी तिला पेपरचं विचारलं नाही.

परीक्षेत तिचा नंबर माझ्या शेजारच्याच बाकावर चिकटवला होता. पर्यवेक्षकांनी तिथं उत्तरपत्रिका ठेवली आणि अर्ध्या तासानं उचलून नेली. फोनवर तिला सांगितलेलं तेच प्रमेय आलं होतं. त्या ओळीपाशी मी सवयीनं थांबले. मग कारण लिहिलं, सविस्तर, तिनं विचारल्यावर सांगितलं असतं तसं, आणि पुढच्या ओळीकडं वळले.