आपोआप वाजणारे पियानो आणि आमचे जुझेबाब

जुनी वस्तू एकदा विकली की जाते, पण तिचा किस्सा दुकानातच राहतो. आमच्या मालवणच्या दुकानात आता पियानो दोनच उरलेत, किस्से ठेवायला मात्र जागा नाही!

आधी सांगते, हे पियानो कसले. पियानो खराच, तारांचा. पण आत डिजिटल यंत्रणा बसवलेली. बटण दाबलं की पट्ट्या आपोआप खाली-वर होतात आणि तो स्वतःच वाजतो. दुकानाचे मालक जुझेबाब असे सेकंडहँड पियानो आणून दुरुस्त करतात. मी आयटीआय केलेली, मिक्सर-टीव्ही दुरुस्त करायची. "बाय गो, तारो माझ्यो, वायरी तुझ्यो," म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. त्याला आता बारा वर्षं झाली.

*

तोंडवलीच्या रिसॉर्टवाल्या बाबलने जपानहून आलेला पियानो परस्पर घेतला आणि थेट भिंतीच्या प्लगात खुपसला. मागच्या पाटीवर शंभर व्होल्ट लिहिलेलं, आपल्याकडे दोनशे तीस!

फोन आला, "जुझेबाब, पियानोतसून धूर येता. ह्यो प्रोग्रामात आसा काय?"

"आसा. शेवटचो आयटम!"

नशीब, फक्त पॉवर सप्लाय जळला होता. मी नवा बसवला, ट्रान्सफॉर्मर जोडला. पियानो वाजला तसा बाबल जुझेबाबांचे हात धरायला धावला. त्यांनी हात मागे घेतले. "माझे कित्याक? हिचे धर!"

बाबल जागीच लाजला. मी मात्र ते वाक्य अजून जपून ठेवलंय.

*

कुडाळच्या एका डॉक्टरांचा पियानो फ्लॉपीवर चालणारा. त्यांनी हौसेने मुंबईहून खोकंभर फ्लॉप्या आणल्या, पण दुसऱ्याच कंपनीच्या. एक वाजेल तर शपथ!

"गाणी चांगली आहेत हो," डॉक्टर कळवळून म्हणाले.

"डॉक्टर, गोळी बरी आसा. पेशंट दुसरो!"

मग मी फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्हचा डबा बसवला आणि गाण्यांच्या साध्या मिडी फाइली भरून दिल्या. त्या बहुतेक यंत्रांना कळतात. डॉक्टरांनी माझ्या आईचं ब्लडप्रेशर तेव्हापासून स्वतःहून सांभाळलंय.

*

वालावलचे तात्या काजूवाले. लेकीसाठी पियानो घ्यायचा होता, म्हणून आम्हाला बघायला घेऊन गेले. विकणाऱ्याने तो असा दणदणीत लावला की खिडक्या थरथरल्या! तात्या खूश.

जुझेबाब म्हणाले, "आता हळू वाजव."

यंत्र झिजलेलं असलं की हळू वाजवताना उघडं पडतं. पियानो अर्धामुर्धा गप्पच झाला.

विकणारा म्हणाला, "आजोबा, आवाज कमी केलाय, तुम्हाला ऐकू येत नसेल."

"माझे कान म्हातारे आसत रे, डोळे नाय! पट्ट्यो खंय हलतत?"

तात्या हात हलवत परतले. पण दर मे महिन्यात काजूची पिशवी दुकानात येते. न घेतलेल्या पियानोबद्दल!

*

एका घरी पियानो पोचून दोन महिने झाले, पण वाजेना. मी खाली वाकून बघते तर कंट्रोल बॉक्सच नाही! विचारल्यावर सूनबाई म्हणाल्या, "तो डबा? तो केबलवाल्याला परत दिला की!"

केबलवाल्याने दोन महिने तो देवाच्या फळीवर ठेवला होता. म्हणे, "कोणाचो तरी आसतलो, फेकतलंय कसो?"

*

आणि रोझी टीचर. उभा जन्म चर्चमध्ये पियानो वाजवला आणि अर्धांगाचा झटका आला तो डाव्या हातावर. त्यांनी घरातला पियानो विकायला काढला. जुझेबाबांनी तो घेतला नाही. त्यातच यंत्रणा बसवून दिली आणि फक्त डाव्या हाताचा भाग चालू ठेवला.

"उजवो तुमी वाजवा, टीचर. डावो तो वाजयतलो."

टीचर डावा हात पट्ट्यांवर नुसता ठेवून बसायच्या. पट्ट्या खाली जायच्या, बोटं त्यांच्याबरोबर.

वर्षभराने एका दुपारी त्यांचा रागाने फोन आला, "जुझे, तुझां यंत्र डाव्या हातान चुकता!"

आम्ही लगेच गेलो. टीचरनी रिमोट दाबला आणि वाजवू लागल्या. खरंच, डावा हात मागे पडत होता. एक सूर तर साफ चुकला.

"ऐकलंस? परत तीच चूक!"

मी बॉक्स बघितला. दिवा बंद. स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्या भाचीला हळूच विचारलं, "लाइट?"

"सकाळपासून लाइट नाय!"

परत येऊन मी जुझेबाबांच्या खांद्याला हात लावला आणि वर थांबलेला पंखा दाखवला. त्यांनी पंख्याकडे बघितलं. मग टीचरच्या डाव्या हाताकडे.

चष्मा काढून पुसत ते म्हणाले, "टीचर, माका नीट ऐकाक येवक नाय. वायच परत वाजवा."