सुरतेचं काम दोंडाईच्याला आणताना

आमच्या दोंडाईच्याहून लोक सुरतेला कामासाठी जातात. मी काम आणायला गेले.

मी चालवते त्या शिवणवर्गातली सगळ्यांत तयार हाताची सुनंदा घराला कुलूप लावून सुरतेला निघायच्या बेतात होती. "ताई, इथं वर्षभर काम मिळालं तर कोण जाईल?" तिनं विचारलं. दुसऱ्या दिवशी गाडी पकडली.

जाणार असाल तर सुरतेच्या अलीकडे उधन्यालाच उतरा. तिथून शटल रिक्षा तीस रुपयांत पर्वत पाटिया भागात सोडते. तिथं माझी संगीतावहिनी पंधरा वर्षांपासून राहते. एका खोलीत पाच माणसं. पण तिच्या गल्लीत आमच्या अख्ख्या पेठेपेक्षा जास्त शिलाई मशीन! ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढत ती म्हणाली, "आठे काम भरपूर शे, पन पाय पसराले जागा नही."

सकाळी हरभरा डाळीचा गरम लोचो खाल्ला (वर तेल-शेव हवीच!) आणि वहिनीला काम देणाऱ्या व्यापाऱ्याकडे आम्ही दोघी गेलो. साड्यांना लेस लावायचं काम मागितलं.

"बेन, गाव में लाइट जाती है. माल लेट थई जाय तो?"

"पायानं चालणाऱ्या मशीन आहेत आमच्याकडे."

त्यानं नकारार्थी मान हलवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी जागची हलले नाही. दुपारी त्यानंच विचारलं, "जिम्मेदारी किसकी?"

मी बोलायच्या आत वहिनी म्हणाली, "मेरी. माल नहीं आया तो मेरा काम बंद कर देना."

पंचवीस साड्या मिळाल्या, मुदत आठ दिवसांची.

परतताना गठ्ठा सोबत असेल तर बसपेक्षा रेल्वेच बरी, सीटखाली मावतो. घरी आम्ही सहाजणी कामाला लागलो. तिसऱ्या दिवशी वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही. पाय दुखेस्तोवर मशीन चालवल्या. दोन साड्यांच्या लेसला चुण्या पडल्या, तेव्हा सुनंदानं उसवून पुन्हा लावल्या. सातव्या दिवशी माल परत सुरतेत पोचला.

आता पन्नास साड्या आल्या आहेत. वर्षभराची खात्री अजून नाही, पण सुनंदानं जायचं पुढं ढकललंय. तेवढ्यावर थांबायचं नाही, असं आम्ही ठरवलंय.

काल वहिनीचा फोन आला. मी आभार मानायला लागले, तर तिनं मध्येच तोडलं. "ते राहू दे वं. मन्हासाठे बी गावले एक मशीन ठेवजो."